कमाल, किमान आणि सरासरी

नाशिक जिल्ह्यात 'नाफेड' हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. नाफेड म्हणजे कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, आणि मग नाफेड व एनसीसीएफ क्विंटलला २,४१० रुपयांनी कांदा घेतील असं जाहीर झालं. हा भाव कुणाला मिळाला, कुणाला नाही, यावर इथल्या चहाच्या टपऱ्यांवर अजूनही वाद होतो.

याच नाफेडचं नाव १२ जून २०२५ रोजी भलत्याच बातमीत आलं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या हॅमिल्टन हाउसमध्ये, पंडोल्स या लिलावगृहात, मकबूल फिदा हुसेन यांची २५ चित्रं विकली गेली. सगळीच्या सगळी. एकूण ६७.७ कोटी रुपयांना. हा लिलाव मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीने झाला आणि तो होता नाफेडच्या थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी.

कांद्याची संस्था आणि हुसेनची चित्रं एकाच वाक्यात कशी आली, हे समजून घेतलं की कलाबाजाराबद्दलचं बरंच काही समजतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलेले हुसेन २००४ पर्यंत देशातले सर्वात प्रसिद्ध चित्रकार झाले होते. त्या वर्षी मुंबईच्या एका उद्योगपतीने त्यांच्याशी करार केला: १०० चित्रं, १०० कोटी रुपये. विसावं शतक हा मालिकेचा विषय. त्या काळात हा आकडा एवढा मोठा होता की चित्रं कशी आहेत हे विचारण्याची कुणाला गरजच वाटली नाही. पहिली २५ चित्रं हातात आली. पुढे सीबीआयची चौकशी सुरू झाली. नाफेडकडून व्यापारासाठी घेतलेलं कर्ज भलतीकडे वळवलं, असा आरोप होता. करार तिथेच थांबला. २००८ मध्ये लवादाने नाफेडला १०० कोटींपर्यंतची मालमत्ता सुरक्षित करून घ्यायची मुभा दिली आणि त्या मालमत्तेत ही २५ चित्रंही आली. यानंतर कित्येक वर्षं ही चित्रं म्हणजे कोर्टाच्या कागदावरची एक नोंद होती. मधल्या काळात हुसेन देशाबाहेर गेले, कतारचे नागरिक झाले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. चित्रं इथेच राहिली, पण बघणाऱ्यासाठी नव्हतीच.

आता तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. कराराचा सरासरी दर एक कोटीला एक चित्र, म्हणजे २५ चित्रांचे २५ कोटी. २०२४ मध्ये न्यायालयासमोर जे मूल्यांकन आलं, तेही सुमारे २५ कोटींचं. आणि जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष विक्री ६७.७ कोटींची. मूल्यांकन आणि विक्री यांच्यात साधारण वर्षभराचं अंतर. या वर्षभरात त्या कॅनव्हासांवर एक रेघ वाढली नाही की पुसली गेली नाही.

मग बदललं काय? १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने हुसेनचं 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचं चित्र विकलं. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. चित्र गेलं १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना. आधुनिक भारतीय चित्रासाठी हा तेव्हाचा उच्चांक होता. ते चित्र सत्तर वर्षांपूर्वीचं, हुसेनच्या उमेदीतलं. नाफेडकडची मालिका त्यांच्या उतारवयातली, एका उद्योगपतीच्या करारातून आलेली. दोन्हींमध्ये साम्य एवढंच की सही एकाची आहे. बाजाराला तेवढं पुरतं. तीन महिन्यांपूर्वीच्या एका लिलावाच्या बातमीने या २५ चित्रांच्या भावालाही हात दिला असणार, याहून सोपं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

आणि तरीही हा फायद्याचा सौदा होता का? 'अंदाजाच्या अडीचपटीहून जास्त' असं ऐकलं की डोळे मोठे होतात. पण साधं चक्रवाढ व्याज लावून बघा. २००४ चे २५ कोटी २०२५ मध्ये ६७.७ कोटी होतात, म्हणजे दरसाल जेमतेम पाच टक्के. हेच पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर १०० कोटींच्या वर गेले असते. सेन्सेक्स २००४ च्या सप्टेंबरात साडेपाच हजारांच्या आसपास होता, जून २०२५ मध्ये ऐंशी हजारांच्या पुढे. शिवाय लिलावात जो आकडा छापून येतो त्यात साधारणपणे खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं शुल्कही धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. चित्रं सांभाळण्याचा आणि विम्याचा खर्च वेगळाच. 'कला ही उत्तम गुंतवणूक आहे' असं सांगणारी रील तुमच्या फीडमध्ये आली, तर हे गणित तिच्याखाली कॉमेंटमध्ये टाका.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. 'असलं तर माझा पुतण्याही काढेल' हा युक्तिवाद मला करायचा नाही. कलाबाजारावर शंका घेणारे बहुतेक लोक तिथेच घसरतात. भाव फुगलेला आहे म्हणून चित्र भिकार ठरत नाही; भाव उच्चांकी आहे म्हणून ते थोरही ठरत नाही. माझी शंका चित्रावर नाही, आकड्यावर आहे: हा आकडा नेमकं काय मोजतो?

याचं उत्तर शोधायला लासलगाव बरं पडतं. तिथेही लिलावच होतो. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप भरून कांदा आणतो, व्यापारी ओळीने फिरतात, माल हातात घेऊन बघतात, बोली लागते, काही क्षणांत भाव ठरतो. शेतकऱ्याला भाव नाकारता येतो, पण माल परत न्यायचं डिझेल त्याच्याच खिशातून जातं आणि कांदा काही थांबत नाही. त्याला कोंब फुटतात. म्हणजे विकणाऱ्यावर वेळेचा दाब आहे आणि माल रोज येतो. त्यामुळे त्या भावातून निदान एवढं कळतं की आज, या गावात, या मालाला किती मागणी आहे.

बॅलार्ड इस्टेटच्या लिलावात यातलं जवळपास काहीच नसतं. चित्र नासत नाही. बहुतेक वेळा विकणारा आणि लिलावगृह आधीच एक राखीव किंमत ठरवतात आणि ती गुप्त असते. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र विकलंच जात नाही, मुकाट्याने घरी परत जातं. छापील अंदाज लिलावगृहच ठरवतं आणि तो मुद्दाम कमी ठेवला की 'अंदाजाच्या चौपट' ही हेडलाइन जवळजवळ हमखास मिळते. मोठ्या आंतरराष्ट्रीय लिलावांत तर कधी कधी विकणाऱ्याला किमान रकमेची हमी आधीच दिलेली असते. खोलीत शंभर माणसं बसलेली असली तरी शेवटच्या टप्प्यात खरी लढत दोघांचीच असते.

ही दोन माणसांची गोष्ट महत्त्वाची आहे. समजा, एखाद्या श्रीमंत संग्राहकाला एक चित्र शंभर कोटींना घ्यायचीही तयारी आहे. समोरचा वीस कोटींना थांबला तर चित्र वीसच्या किंचित वर जाईल. समोरचा नव्वदपर्यंत ताणत राहिला तर नव्वदच्या वर जाईल. म्हणजे किंमत जिंकणाऱ्याने ठरवलेली नसते, हरणाऱ्याने ठरवलेली असते. ज्याला आपण 'या चित्राचं मोल' म्हणतो, ते बऱ्याचदा एका अनोळखी, पराभूत माणसाच्या जिद्दीचं माप असतं. सॅम्पल साइज दोन.

पण दोन्ही लिलावांतला सगळ्यात मोठा फरक छापण्यातला आहे. लासलगावचा भाव रोज वर्तमानपत्रात येतो तो तीन आकड्यांत: किमान, कमाल, सरासरी. सोबत आवकही. एखाद्या शेतकऱ्याला तीन हजार मिळाले आणि बाकीच्यांना बाराशे, तर तीन हजार हा फक्त 'कमाल' असतो आणि प्रत्येक वाचकाला हे कळतं. 'कांदा तीन हजारांवर' अशी हेडलाइन कुणी दिली तर बाजार समितीतला हमालसुद्धा हसेल. कलेच्या बातम्यांत मात्र फक्त कमाल छापतात. किमान कुठे आहे? सरासरी किती? आवक किती आली आणि त्यातली किती न विकता परत गेली? दिवसभर डॅशबोर्ड बनवण्याच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, फक्त मॅक्स व्हॅल्यू दाखवणारा डॅशबोर्ड कुठलाही मॅनेजर पास करणार नाही. आपण मात्र तेवढ्यावर चित्रकलेबद्दलची मतं बनवतो.

असा डॅशबोर्ड खरा मानला की काय होतं याचं उदाहरण याच शहरात घडलेलं आहे. २००२ मध्ये तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' ३ लाख १७ हजार ५०० डॉलरला गेलं. २००५ मध्ये त्यांचंच 'महिषासुर' १५.८ लाख डॉलरला. कमाल आकडा तीन वर्षांत जवळपास पाचपट. त्याच लाटेवर २००६ मध्ये मुंबईच्या ओशियान्सने आर्ट फंड काढला. ६५६ गुंतवणूकदारांनी मिळून १०२.४० कोटी रुपये घातले. मुदत तीन वर्षांची. २००८ ला जगभरची मंदी आली, २००९ मध्ये पैसे परत करायची वेळ आली, आणि चित्रं होती पण ती घ्यायला रांगेत कुणी नव्हतं. पैसे मिळायला गुंतवणूकदारांना वाट बघावी लागली, तक्रारी झाल्या आणि २०१३ मध्ये सेबीला आदेश काढावा लागला. म्युच्युअल फंडाचं युनिट एका क्लिकवर विकता येतं, कारण पलीकडे घेणारे लाखो असतात. कॅनव्हासच्या पलीकडे दोघे असतात, आणि मंदीत ते दोघेही फोन उचलत नाहीत.

आता चित्राकडे येऊ, नाहीतर मीही नुसता आकड्यांचाच लेख लिहिला असं होईल.

वासुदेव गायतोंडे. कुटुंब गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपुरातला, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९७२ च्या सुमारास मुंबई सोडून दिल्लीला गेले, निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत राहिले, लोकांत फार मिसळले नाहीत आणि २००१ मध्ये वारले. वर्षाला मोजकीच चित्रं करत. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालचं एक चित्र ६७.०८ कोटींना. गंमत बघा, एक गायतोंडे आणि नाफेडकडचे पंचवीस हुसेन, भाव जवळपास एकच. यावरून 'गायतोंडे हुसेनच्या पंचवीसपट मोठे' असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे आकड्यातून तुलना निघत नाही, हे मनातून आपल्याला ठाऊकच असतं.

गायतोंड्यांचं चित्र तुमच्यावर काय करतं? रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा, कागदाचे तुकडे वापरून रंग ठेवायचा किंवा उचलायचा, असं त्यांचं काम. समोर उभं राहिलं की आधी एकच रंग दिसतो. दोन-तीन मिनिटं तिथेच थांबलात तर त्याच्या आत खालचे थर हलायला लागतात, मधूनच लिपीसारख्या वाटणाऱ्या खुणा वर येतात, पण त्या वाचता येत नाहीत. ते चित्र तुमच्याकडून वेळ मागतं. स्क्रोल करणाऱ्या अंगठ्याला त्यात काहीच मिळत नाही. आणि नेमका याच चित्रकाराचा परिचय आपल्या पिढीला एका आकड्याने, दीड सेकंदात होतो. '६७ कोटी' वाचल्यावर दोनच प्रतिक्रिया उरतात: 'बापरे' किंवा 'वेडे आहेत हे लोक'. दोन्हींसाठी चित्र बघायची गरज नसते. मला या बाजाराचा राग येतो तो इथे. पैसेवाल्यांनी पैसे उधळले तर उधळोत. पण त्यांच्या आकड्याने आपली बघण्याची जागा व्यापून टाकली.

दुसरी बाजू खोटी नाही. किमती वाढल्या म्हणून माळ्यावरची चित्रं खाली आली, त्यांची डागडुजी झाली, बनावट चित्रं शोधण्यावर खर्च व्हायला लागला, पुस्तकं निघाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन झालं. दिल्लीतल्या किरण नाडर संग्रहालयासारख्या ठिकाणी खासगी पैशाने घेतलेली चित्रं आपल्यालाही बघता येतात. आणि भाव शून्य असणं ही काही पवित्र अवस्था नाही. ज्यांच्या घरात चित्रकार आहे त्यांना विचारा. त्यामुळे 'कलेला किंमतच नको' हे मला पटत नाही. प्रश्न, वाढलेला पैसा कुठे जातो हा आहे.

तो चित्र काढणाऱ्याकडे जात नाही. चित्रकाराला पैसे मिळतात ते पहिल्या विक्रीचे. पुढच्या प्रत्येक लिलावातला नफा मालक, लिलावगृह आणि मधले लोक वाटून घेतात. यावर आपल्याकडे कायदा नाही असं तुम्हाला वाटेल, पण आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५३ अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला, किंवा कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत त्याच्या वारसांना, त्या रकमेत वाटा मागायचा हक्क आहे. कमाल दहा टक्के. कॉपीराइटची मुदत मृत्यूनंतर साठ वर्षं. कागदावर इतकं स्वच्छ. व्यवहारात मात्र हे कलम जवळजवळ झोपलेलं आहे. वाटा किती हे ठरवायचं काम ज्या कॉपीराइट बोर्डाकडे होतं ते आधी दुसऱ्या मंडळात विलीन झालं आणि २०२१ मध्ये ते मंडळही रद्द झालं. आता हक्क बजावायचा तर न्यायालयात जावं लागतं. ६७.०८ कोटींचा फक्त एक टक्का म्हणजे ६७ लाख होतात. कागदावरच्या या एका टक्क्याबद्दल बोलणारी हेडलाइन मी अजून वाचलेली नाही.

याचा नाशिकशी काय संबंध, असं कुणी विचारेल. या गावाला चित्रांची परंपरा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाघाट, वाडे, देवळं जलरंगात उतरवली. आजही सकाळी घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली आर्ट कॉलेजची मुलं दिसतात. कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शन भरलं की चित्राखाली काही हजारांची चिठ्ठी असते आणि तिच्यावरही 'काही कमी होईल का?' असं विचारणारे आपणच असतो. साठ हजारांचा फोन हप्त्यावर घेणारी आपली पिढी सहा हजारांच्या जलरंगाला महाग म्हणते, आणि सदुसष्ट कोटींची बातमी स्टेटसला ठेवते. त्या घाटावरच्या मुलाच्या दृष्टीने कलाबाजार म्हणजे हा किमान आकडा. तो कुठेच छापला जात नाही, म्हणून त्याला वाटतं की आपणच कुठेतरी कमी पडतोय.

दोन सोप्या गोष्टी होऊ शकतात. पहिली, मागणी करायची ती लासलगावच्या पद्धतीची: लिलावगृहांनी प्रत्येक लिलावानंतर आवक, न विकलेली चित्रं, मधली किंमत आणि चित्रकाराला किंवा वारसांना गेलेला वाटा, हे सगळं एका पानावर छापावं, आणि छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी कमाल एवढाच भाव मानू नये. कांद्याला जमतं ते कॅनव्हासला जमायला हरकत नाही.

दुसरी आपल्या हातातली आहे. मुंबईला काम निघालं की फोर्टात उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथे जहांगीर निकोल्सन या कापूस व्यापाऱ्याने आयुष्यभर जमवलेल्या आधुनिक चित्रांचं दालन आहे. रस्त्यापलीकडे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. तिकीट मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे भिंतीवर कोण असेल ते त्या दिवशी कळेल. एकच चित्र निवडा आणि पाच मिनिटं त्याच्यासमोर उभे राहा. पाटीवर चित्रकाराचं नाव, साल आणि माध्यम असतं. भाव लिहिलेला नसतो.